गावची शाळा कोणासाठी?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे गुरुजींच्या पुढ्यात सर्वांत आधी येते ती हजेरीची वही. रेघा आखल्या जातात, मागील इयत्तेची नावे उतरविली जातात, नव्याने दाखल झालेल्या मुलांची नावे खाली घातली जातात. हे काम इतके अंगवळणी पडलेले असते की, ते करताना कोणाचे मन क्षणभरही थबकत नाही. वस्तुतः त्या वहीतील एकेका नावामागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. कोणाचे नाव या वहीत यावे, हाच या देशातील प्राथमिक शिक्षणाचा मूळ प्रश्न होता. इमारत, क्रमिक पुस्तके, परीक्षा या सर्व गोष्टी त्यामागून येतात. तो प्रश्न कसकसा सुटत गेला आणि कोठे सुटावयाचा राहिला, हे खेड्यातील शिक्षकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण त्याचे उरलेले उत्तर त्यालाच लिहावयाचे आहे.

पेशवाईच्या अखेरीस गावोगावी सरकारी शाळा नव्हत्या. परंतु शिक्षण मुळीच नव्हते असेही नाही. देवळाच्या ओवरीत, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा पंतोजींच्या स्वतःच्या घरी शाळा भरे. धूळपाटीवर ओनामा गिरवावा, तोंडाने पाढे म्हणावेत, पावकी, निमकी, पाऊणकी घोकावी आणि पुढे मोडी वाचता-लिहिता येऊ लागले, जमाखर्च समजू लागला की शिक्षण पुरे झाले, असा तो क्रम होता. पंतोजींना कोणी धान्य देई, कोणी सणावारी शिधा देई, कोणी चार पैसे देई. या शाळांची थट्टा करण्याचे कारण नाही. व्यवहाराला लागणारा हिशेब त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरला. मात्र ज्याच्या घरी लेखणीचे काम असे, त्याचाच मुलगा तेथे जाई. कुणब्याच्या मुलाला जनावरे राखावयाची असत, बलुतेदाराच्या मुलाला बापाचा धंदा शिकावयाचा असे. मुलींचा प्रश्न सहसा उद्भवतच नसे, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांना त्या ओवरीची पायरीही चढता येत नसे. गावात शाळा होती. पण ती सगळ्या गावाची नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढच्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी देशी भाषांतून शिक्षण द्यावे, छापील पुस्तके तयार करावीत आणि शिक्षक शिकवून तयार करावेत, असे धोरण पुढे मांडले. त्यांच्या कारकिर्दीत इलाख्यातील शाळांची पाहणी सुरू झाली. तिच्यात सुमारे १,७०० शाळा आणि त्यांत शिकणारी सुमारे ३५,००० मुले आढळली. त्या वेळी इलाख्याची लोकसंख्या ४६ लाखांच्या वर धरली गेली होती. ज्याला अंकगणित येते त्याला या आकड्यांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निघाले. शाळेच्या वहीत कोणाचे नाव घालावयाचे, हा प्रश्न लगेच पुढच्या वर्षी उघडपणे समोर आला. १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यात आला. तो मुलगा गप्प बसला नाही. त्याने सरकारकडे अर्ज केला. गावकरी आपली मुले काढून घेतील या भयाने सरकारने त्याच्या बाजूने निर्णय दिला नाही. तथापि प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, हे तत्त्व १८५८ मध्ये मान्य झाले. तत्त्व कागदावर आले खरे. परंतु कागदावरून वर्गात यावयास त्याला फार काळ लागला. १९०० मध्ये साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर, इतर मुलांपासून दूर बसावे लागले. वहीत नाव होते, परंतु बैठकीत जागा नव्हती. नाव घालणे आणि सामावून घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही या इतिहासाची पहिली शिकवण होय.

आता शाळा चालते कोणाच्या पैशावर, हा दुसरा प्रश्न. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून बसविण्यात आला आणि १८६९ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले. या पैशाचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखलेला होता. म्हणजे खेड्यातील शाळा ही रयतेच्या घामाच्या पैशातून उभी राहिली. ती कोणा दात्याचे दान नव्हती आणि सरकारची कृपाही नव्हती. असे असता ज्याने पैसा भरला त्याचीच मुले बाहेर राहिली, ही विसंगती सर्वांत आधी आणि सर्वांत रोखठोकपणे मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी.

जोतीराव हे केवळ टीकाकार नव्हते. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळा चालविण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. शिक्षणासाठी म्हणून गोळा केलेला कर त्या कामी खर्च होत नाही. इलाख्यातील दहांपैकी जवळजवळ नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीच तरतूद नसल्याचे सांगितले जाते, असे त्यांनी आयोगाच्या निदर्शनास आणले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य एवढे विषय त्यांनी सुचविले. शिक्षकाविषयीचे त्यांचे विचार प्रत्येक गुरुजींनी ध्यानात ठेवावेत असे आहेत. शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला असावा, लोकांत मिळूनमिसळून राहणारा असावा, वेळप्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरण्यास लाजणारा नसावा. आणि त्याचा पगार त्या कामाला साजेल असा, महिना बारा रुपयांहून कमी नसावा. परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत निरक्षर व गरीब लोकांत शिक्षण वाढविण्यास उपयोगाची नाही, असेही त्यांनी निक्षून सांगितले. कारण उघड आहे. निकालावर पैसा अवलंबून राहिला की हुशार मुलाकडे लक्ष जाते आणि जे मूल अडखळते, उशिरा येते, अधूनमधून चुकते, ते नकोसे वाटू लागते. वास्तविक शाळेची खरी गरज असते ती त्याच मुलाला.

सक्तीच्या शिक्षणाची ही मागणी पुढे निरनिराळ्या मार्गांनी फळास आली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम त्यांनी काढला. सक्तीपेक्षाही हा दुसरा हुकूम अधिक धाडसाचा होता. मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या आणि ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द खेड्यापाड्यांत रूढ झाला.

मुले शाळेत आली, आता काम झाले, असे कोणास वाटले असेल तर त्याचा भ्रम डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात दूर केला. प्राथमिक शाळेत प्रवेश करणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात; उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, यासाठी प्राथमिक शिक्षण असते, अशी त्यांची भूमिका होती. गळक्या घागरीत पाणी किती ओतले याचा हिशेब व्यर्थ आहे. घरी पोहोचेपर्यंत किती उरले हे पाहिले पाहिजे. पटसंख्या आणि शिक्षण यांतील हे अंतर जुन्या काळचेच आहे, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये.

ही गळती थांबविण्यास वसतिगृह आणि शिक्षक या दोहोंची गरज आहे, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओळखले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय त्यांनी सुरू केले, आणि पुढे डोंगरकपारींतील जेथे बोर्डाची शाळा पोहोचत नव्हती अशा वाड्यांवर व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. जोतीरावांनी ज्या शिक्षकाची अपेक्षा केली होती, रुमणे धरण्यास न लाजणारा, तो शिक्षक येथे प्रत्यक्षात घडू लागला.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी निराळाच विचार पुढे मांडला. मूल केवळ पुस्तकाने शिकत नाही, हाताने काम करताना ते अधिक शिकते. म्हणून एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफावे, असा तो विचार होता. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यासक्रम केला आणि अनेक शाळांत टकळी व चरखा आले. हा प्रयोग सर्वत्र टिकला नाही. पुष्कळ ठिकाणी सूतकताई हा वेळापत्रकातील आणखी एक विषय होऊन बसला. खेड्यातील पालकांनाही शंका आली की, शहरातील मुलांना पुस्तक आणि आमच्या मुलांना टकळी, हा भेद कशासाठी? ही शंका अडाणीपणाची नव्हती. तथापि परिसर, शेती, कुंभाराचा आवा, सुताराची पटाशी यांतून मूल शिकते, हे त्यातील मूलतत्त्व आजही खरे आहे. फक्त ते सर्व मुलांसाठी खरे मानले पाहिजे, केवळ गरिबांच्या मुलांसाठी नव्हे.

१९५० मध्ये राज्यघटना अमलात आली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे तिच्या ४५ व्या अनुच्छेदात म्हटले होते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. त्यामुळे शाळेचा कारभार गावाच्या जवळ आला. ठरलेली दहा वर्षे मात्र सरून गेली आणि संकल्प अपुराच राहिला.

मूल शाळेत येत नसेल तर काय करावे, याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. लहान मुले शाळेपर्यंत येत ना, म्हणून त्यांनी पाड्यावरील अंगणातच बालवाडी भरविली. मोठी मुले गुरे राखीत असत, म्हणून जेथे गुरे चरत तेथेच, कुरणात, शिकविणे सुरू केले. त्या शाळेला ‘कुरणशाळा’ असे सार्थ नाव मिळाले. जोतीरावांनी १८८२ मध्ये सांगितले होते की, शेतकऱ्याच्या मुलाला गुरांमागे जावे लागते म्हणून तो शाळेत येत नाही. पाऊणशे वर्षांनी त्याच अडचणीवर इलाज सापडला. मूल गुरे सोडू शकत नसेल, तर शाळेने ओटा सोडावा, हा तो इलाज होय.

१९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. परिसरातील सर्व मुले, श्रीमंतांची आणि गरिबांची, एकाच शाळेत शिकावीत, असा तिचा आशय होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातीलच. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या निमित्ताने खेड्यातील शिक्षण त्यांनी जवळून पाहिलेले होते. ती कल्पना पूर्णतः अमलात आली नाही. ज्यांना परवडले त्यांनी आपली मुले अन्यत्र धाडली आणि गावची शाळा अनेक ठिकाणी ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांची झाली. तथापि पुढील काळात एकेक पाऊल पडतच गेले. १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना रोजच्या हजेरीबद्दल एक रुपया भत्ता देण्यास सुरुवात झाली. १९१७ मध्ये मुलास न पाठविल्याबद्दल पालकाला एक रुपया दंड होता. पाऊणशे वर्षांनंतर मुलीला पाठविल्याबद्दल एक रुपया मिळू लागला. शासनाची दृष्टी दंडाकडून साहाय्याकडे वळली, याची ही खूण म्हणावी. १९९५ मध्ये पोषण आहाराची योजना आली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, दूरच्या वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा त्याविषयीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. धारवाडच्या त्या मुलाला अर्ज करावा लागला होता. आता अर्ज करण्याची पाळी मुलावर नाही. त्याला शोधून आणण्याचे कर्तव्य शासनावर आणि पर्यायाने शाळेवर आले आहे.

येथवरचा हा इतिहास केवळ संमेलनात ऐकून सोडून देण्यासाठी नाही. त्यातून शिक्षकाच्या रोजच्या कामासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट, हजेरीची वही वाचण्याची. हजेरी मांडणे निराळे आणि हजेरी वाचणे निराळे. कोणते मूल बाजाराच्या दिवशी नसते, कोणती मुलगी धाकटे भावंड झाल्यापासून येत नाही, कोणाची गैरहजेरी भातलावणीत वाढते आणि कोणाची वेचणीच्या दिवसांत, हे त्या वहीत स्पष्ट लिहिलेले असते. दिवाळीनंतर कोयत्याबरोबर जी कुटुंबे कारखान्याच्या वाटेला लागतात, त्यांची मुले कोणती, हे दसऱ्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. त्यांच्यापैकी कोणाला आजीजवळ ठेवता येईल, कोणाला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल आणि जे जाणारच त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत बसविता येईल, याचा विचार गाडी निघाल्यावर करून भागत नाही. नाव कमी करणे ही एका रेघेची गोष्ट आहे. ते नाव पुन्हा चढविण्यास कधीकधी एक पिढी लागते.

दुसरी गोष्ट, वहीत असलेल्या मुलाला खरोखर शिकविण्याची. नापास होऊन मुले गळू नयेत म्हणून त्यांना पुढील वर्गात घालण्याचे धोरण आले, तेव्हा त्याचा हेतू चांगला होता. परंतु मूल चौथीत बसले आहे आणि त्याला दुसरीचा धडा वाचता येत नाही, अशी स्थिती राहिली तर ती १९२७ च्या गळतीहून फारशी वेगळी म्हणता येणार नाही. त्या वेळी मूल शाळेबाहेर निरक्षर होत असे. आता ते वर्गात बसून निरक्षर राहील. मागच्या ओळीतील मुलाला दररोज एकदा तरी मोठ्याने वाचावयास लावणे, फळ्यापाशी बोलावणे, त्याच्या चुकीवर हसू न देणे, या गोष्टींस कोणताही निधी लागत नाही. त्याच मुलाला शेळीच्या किमतीचा, दुधाच्या मापाचा, मजुरीच्या दिवसांचा हिशेब तोंडी येत असतो. तेथूनच त्याला कागदावरील गणिताकडे नेता येते.

तिसरी गोष्ट, शाळेचे गावाशी असलेले नाते. पट घटल्यामुळे लहान शाळा बंद कराव्यात, अशी चर्चा अलीकडच्या वर्षांत वारंवार झाली आहे. पटसंख्या घटण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतील सर्वच काही शिक्षकाच्या हातची नाहीत. परंतु एक गोष्ट निश्चित. वाडीवरची शाळा ओढ्यापलीकडे गेली, तर धडधाकट मुलगा सायकलवर जाईल. घरी बसेल ती मुलगी, बसेल ते पहिलीतले मूल, बसेल ते पायाने अधू असलेले मूल. ज्या क्रमाने ही मुले शाळेत आली, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ती बाहेर पडतात. शेवटी आलेले सर्वांआधी जाते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ही गोष्ट आकडे आणि नावे यांनिशी मांडणे, हे शिक्षकाचे काम आहे. कारण ती नावे दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसतात.

शिक्षकावर कामांचा बोजा मोठा आहे, हे कोणी नाकारीत नाही. माहिती भरा, गणना करा, अहवाल पाठवा, यांतच दिवस सरतो. जेथे एकदोन गुरुजी चार-पाच वर्ग सांभाळतात, तेथे वर सांगितलेले सर्व एका दिवसात होणार नाही. म्हणून सुरुवात एकाच मुलापासून करावी. आजच्या हजेरीत सर्वांत जास्त दिवस गैरहजर असलेले नाव शोधावे आणि शाळा सुटल्यावर त्या घरी जाऊन यावे. उंबऱ्यावर बसून बोलावे, दरडावू नये. पुष्कळदा कारण क्षुल्लक निघते. चप्पल नसते, कोणी चिडविलेले असते, किंवा आजारातून उठलेल्या मुलाला आता आपल्याला काही येणार नाही अशी धास्ती वाटत असते. कधी कारण खरोखर मोठे निघते. तेव्हा सरपंच, अंगणवाडीताई, गावातील चार जाणती माणसे यांना सोबत घ्यावे लागते. परंतु गुरुजी स्वतः घरी आले, ही गोष्ट ते घर विसरत नाही.

रुपयामागे एक आणा देऊन ज्यांनी ही शाळा उभी केली, त्यांतील बहुतेकांना तिच्या पायरीवर पाऊल ठेवता आले नाही. त्यांची पणतवंडे आज वर्गात बसली आहेत. त्यांतील एखादे आज आलेले नसेल, तर उद्या त्याच्या घरी जावे.